रविवारचा नांगर

सोमवार, ६ ऑक्टोबर

ताई,

फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही. मी मुद्द्यावर आलो की तू "पुढचे कोण?" म्हणतेस, आणि ते मला म्हणालीस की दाढ धरून बसलेल्या एखाद्या पेशंटला, तेच कळत नाही. म्हणून कागदावर भांडतोय. इथे तुला मधे तोंड घालता येणार नाही.

काल तुझे पाहुणे येऊन गेले. दोन गाड्या, पोरंबाळं, आणि गवताला घाबरणारं एक कुत्रं. तू दातांच्या दवाखान्यात टेबलामागे बसून, ज्यांना तोंड उघडता येत नाही अशा लोकांना आपल्या शेताच्या गोष्टी सांगतेस, आणि बिचाऱ्यांना नाही म्हणता येत नाही म्हणून ते इकडे येतात, हे मला माहीत आहे. येऊ देत. त्यांनी गाजरं उपटली, खुराड्यातली अंडी स्वतःच्या हाताने उचलली, आईने पिशव्यांत भरलेलं गांडूळखत हुंगून "वास कसा येत नाही?" म्हणाले आणि विकतही घेतलं. इथपर्यंत माझी हरकत नाही. अंडी विका, खत विका, गाजरं विका. पण बाबा विकायला काढलेत ते कुणाला विचारून?

विहिरीजवळची पट्टी गेल्या रविवारी नांगरलेली होती. त्याच्या आधीच्या रविवारीही. काल बाबांनी ती पुन्हा नांगरली. बाकीचं सगळं शेत शेजारचा ट्रॅक्टरवाला नांगरून जातो, पण पाहुण्यांना बैलांचा नांगर बघायचा असतो ना! एका बाईंनी विचारलं, यात काय पेरणार? बाबा म्हणाले, "बघू." काय बघू? त्यात काही पेरायचंच नाही. बाप नांगर धरतो, लोक फोटो काढतात, पडदा पडतो. पुढच्या रविवारी तोच खेळ.

ती पट्टी मी घरी परत आल्या दिवसापासून मागतोय. टोमॅटो, मिरची, कोबीची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि आसपासच्या शेतकऱ्यांना द्यायची. सगळ्यांना रोपं लागतात, सगळे लांबून आणतात, निम्मी वाटेतच माना टाकतात. पाणी हाताशी हवं म्हणून विहिरीजवळची जागा. मी साधं बोललो, म्हातारे बैल विकू, त्या पैशांत वर जाळी ताणून सावलीचा मांडव होईल. बाबांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "भाजी घे अजून." हे काय उत्तर झालं?

मला घाई का आहे ते तुला माहीत आहे. मार्चमध्ये तिची शेवटची परीक्षा संपते. मग तिच्या घरी लग्नाची बोलणी निघणार आणि पहिला प्रश्न येणार, मुलगा काय करतो? मला त्याचं एका शब्दात उत्तर हवंय. रोपवाटिका. "कॉलेज सोडलं आणि रविवारी बाप दाखवतो" हे उत्तर घेऊन मी तिच्या दारात उभा राहणार नाही.

पाहुणे बंद कर. नाहीतर मी करीन.

तुझा भाऊ

---

गुरुवार, ९ ऑक्टोबर

अरे शहाण्या,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. डॉक्टरांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना, तुमचा चेहरा भूल न देता दाढ काढल्यासारखा झालाय.

विहिरीची मोटर जळली होती, ती कशावर दुरुस्त झाली? गोठ्यावर पत्रे कशावर आले? रविवारवर. एवढ्याशा तुकड्यावर घर उभं राहत नाही बाळा, त्याला टेकू लागतात. आईची अंडी एक टेकू, खत दुसरा, रविवार तिसरा. उद्या तुझी रोपं चौथा होतील, होऊ देत, मी कुठे नाही म्हणते? पण उभ्या टेकूला लाथ मारून नवा टेकू लावायचा ही अक्कल कुठल्या प्रयोगशाळेत शिकलास?

आणि बाबा विकायला काढले म्हणतोस, तर बाबांना विचारलंस का? नसणारच. तू परस्पर त्यांच्या वतीने भडकलास. कॉलेज सोडलंस तेही असंच. परीक्षक प्रयोगशाळेतल्या शिपायाला काहीतरी लागट बोलले. शिपाई गप्प होता. तू मात्र परीक्षानळी आपटलीस आणि तरातरा बाहेर पडलास. तो शिपाई अजून तिथेच कामाला आहे. तू नाहीस.

ट्रे गोठ्यामागे मांड. तिथे ऊन दुपारपर्यंत असतं, मी त्या घरात वाढलेय, मला शिकवू नकोस.

आता नीट ऐक. या रविवारी कुणी नाही. १९ तारखेला तिघं येतील. एक आजीबाई, त्यांचा मुलगा, सून. त्यांच्याशी नीट वाग. दाढी कर. निळ्या शर्टाचं बटण तुटलंय ते स्वतः लाव, आईच्या गळ्यात मारू नकोस. आजीबाईंना खुर्ची दे. जास्त हुशारी दाखवू नकोस. का, ते विचारू नकोस.

तुझी सूक्ष्मदर्शी काय म्हणते? रागावू नकोस, एकाच सूक्ष्मदर्शकात दोन डोकी घालून प्रेमात पडलेल्यांना दुसरं काय नाव ठेवायचं?

ताई

---

रविवार, १९ ऑक्टोबर

ताई,

पाहुणे बंद झाले. मी केले.

काल संध्याकाळी मी माझे ट्रे पट्टीत मांडले. तुला वाटेल मुद्दाम. हो, मुद्दामच. सकाळी बाबांनी ते पाहिले. मग बैलांना पाणी पाजायला गेले.

तुझे खास पाहुणे आले. मुलगा म्हणजे केस रंगवलेला, पन्नाशीचा माणूस, गळ्यात कॅमेरा. बाबांना "आजोबा" म्हणत होता. त्याला नांगर पाहायचा होता. बाबा म्हणाले हो, आणि ट्रे उचलायला लागले. एकेक ट्रे दोन्ही हातांनी पोटाशी धरून, रोपं हलू नयेत म्हणून हळूहळू बांधावर नेऊन ठेवत होते. वाकताना गुडघा धरायचे, उठताना धरायचे. मी बघत उभा राहिलो. हात लावला नाही. म्हटलं, दमतील आणि नाद सोडतील.

दमले नाहीत. सगळी पट्टी मोकळी केली, बैल जुंपले. तेवढ्यात तो कॅमेऱ्यावाला म्हणतो, शर्ट फार नवा दिसतोय, एखादा जुना नाही का, फोटोत शेतकरी वाटत नाही. आणि बाबा हसले, आणि शर्ट बदलायला घरात गेले. ताई, तो शर्ट तू पाठवलेला होता. त्यांनी घडी मोडली होती ती आजच, पाहुणे येणार म्हणून.

माझं डोकं फिरलं. मी बैल सोडले. त्या माणसाला म्हणालो, "जनावरं बघायची तर प्राणिसंग्रहालयात जा. तिथली शर्टही घालत नाहीत, तुमची सोय होईल." सून म्हणाली, आम्ही पैसे भरलेत. मी आईच्या डब्यातून ते आणून गाडीच्या टपावर ठेवले. बाबा जुना शर्ट घालून बाहेर आले तेव्हा गाडी फाटकाबाहेर वळत होती.

आजीबाई मात्र सगळा वेळ खुर्चीत शांत बसल्या होत्या. गाडीत बसता बसता थांबल्या आणि मला विचारलं, "तू काय करतोस रे?" मी म्हणालो, "रागावतो. सध्या तेवढंच येतं."

त्या हसल्या नाहीत. मला मात्र माझं उत्तर तेव्हा फार आवडलं होतं.

ट्रे परत पट्टीत मांडलेत. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आधी तरी कुठे बोलत होते म्हणा.

तुझा भाऊ

---

बुधवार, २२ ऑक्टोबर

गाढवा,

दुसरा शब्द सुचत नाही.

त्या आजीबाई तिची आजी. तुझ्या सूक्ष्मदर्शीची. केस रंगवलेला तो तिचा काका. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, हे तूच मला सांगितलं होतंस. त्या घरात शब्द चालतो तो आजीचा.

आजी कवळीचं माप द्यायला आमच्याकडे आल्या, सोबत ती होती. नाव लिहून घेताना मी ओळखलं आणि तिनेही मला ओळखलं. तुझं नाक आणि माझं नाक एकच आहे, हे दुर्दैव. दोघींनी मिळून ठरवलं की आजीने एकदा घर पाहावं, बोलणीबिलणी काही नाही, सहज. मी म्हणाले तुला सांगू. ती म्हणाली, नको, सांगितलं तर तो भाषण पाठ करून ठेवेल. जसा आहे तसा आजीला दिसू दे. दिसलास.

आणि आता बैलांचं ऐक. तुझ्यापासून लपवायचं असं बाबांनी मला बजावलं होतं, पण आता खड्ड्यात जाऊ दे. ट्रॅक्टर आल्यापासून त्या जोडीला काम नाही. काम नसलेली जनावरं दोन वेळा चारायची कशावर? बाबांनी स्वतः मला विचारलं, तुझ्या त्या लोकांना नांगर बघायला आवडेल का? रविवारच्या नांगरावर त्या दोघांचा चारा निघतो. म्हणून ती पट्टी पुन्हापुन्हा नांगरली जाते. बाप नाटक करत नव्हता रे. बाप बैल राखत होता. आणि तू घरात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणालास, बैल विकू.

शर्ट बदलायला सांगणारा माणूस मूर्ख होता, हे मी मान्य करते. मूर्खाला चहा पाजून वाटेला लावता येतं. तुला ते येत नाही. तुला फक्त वाटेला लावता येतं.

ताई

---

सोमवार, २७ ऑक्टोबर

ताई,

मी माफी मागायला लिहीत नाहीये.

तुम्ही दोघींनी मला काचपट्टीवर ठेवलं, वरून काच दाबली आणि आजीला म्हणालात, डोळा लावा. आणि आता किडा वळवळला म्हणून किड्यावरच ओरडताय. एक शब्द सांगितला असतास तर मी त्या काकाचा कॅमेरा गळ्यात अडकवून गावभर फिरलो असतो, शर्ट काय, कातडं बदललं असतं. तिलाही मी हेच लिहिलंय. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. नाही.

आणि बैलांचं घरात सगळ्यांना माहीत, आईलाही, एक मी सोडून. का? मी ओरडेन म्हणून. म्हणजे मी ओरडतो म्हणून या घरात मला कुणी खरं सांगत नाही, आणि कुणी खरं सांगत नाही म्हणून मी ओरडतो. लाव याला कवळी.

काल रविवार होता. कुणी आलं नाही. बाबा सवयीने लवकर उठले, बैल बाहेर काढले, पट्टीजवळ नेले, माझे ट्रे बघितले आणि जोडी परत गोठ्यात नेऊन बांधली. मी खिडकीतून पाहिलं. बाहेर जाऊन ट्रे उचलावे असं वाटलं. पण मग त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं.

रोपं छान आलीत. कोबीला तिसरं पान फुटलंय. मला त्यांचाही राग येतोय.

तुझा भाऊ

---

सोमवार, ३ नोव्हेंबर

बाळ,

तू त्याला पत्रात फार बोललेली दिसतेस. तो पत्र घेऊन गोठ्यामागे जातो आणि येतो तेव्हा डोळे लाल असतात. मी काही विचारत नाही. विचारलं तर तो मलाच ओरडेल आणि मग त्यालाच वाईट वाटेल.

शर्टाचं मनाला लावून घेऊ नकोस. मला गंमत वाटली होती. त्या गृहस्थांना नांगर धरून बघायचा होता, तसं ते हळूच माझ्या कानात म्हणाले. नवा शर्ट घालून शिकवताना तो मळला असता. पोराने शिकवू दिलं नाही.

बैलांचं मी ठरवलंय. व्यापारी बघून गेला. पंधरा तारखेला शनिवारी न्यायला येईल. जाळी आणि बांबू येतील तेवढं होईल. रोपं खरंच चांगली करतो गं तो, हात आहे त्याला. त्याला आधी सांगू नकोस. नेल्यावर कळेल तेव्हा कळेल.

तुझी आई बरी आहे. अंडी पाठवतोय, आणणाऱ्याने वाटेत फोडली तर कळव.

बाबा

---

सोमवार, १० नोव्हेंबर

बाळा,

आज रागवायचं बळ नाही. दोन गोष्टी सांगते.

बाबांचं पत्र सोबत जोडलंय. नको म्हणाले होते, तरी जोडलंय. वाच आणि काय ते कर. शनिवार लांब नाही.

दुसरी. आजी आज कवळी बसवायला आल्या होत्या. नात सोबत नव्हती. मी धीर करून तुझ्या वतीने माफी मागितली. म्हटलं, तो वाईट नाही, बापाचा अपमान सहन झाला नाही त्याला. मला वाटलं विरघळतील. त्यांनी नवे दात मिटले, उघडले, आणि म्हणाल्या, "आमचे हेही कधी स्वतःसाठी रागावले नाहीत. आईसाठी, भावासाठी, न्यायासाठी. जग म्हणायचं काय मनाचा माणूस आहे. ताट मात्र माझ्यापुढे आपटायचे. चाळीस वर्षं मी ताटांचा आवाज ऐकला. नातीला मी त्या घरात देणार नाही."

मग म्हणाल्या, बाप एकेक ट्रे उचलत होता तेव्हा तुमचा भाऊ हाताची घडी घालून उभा होता. त्याला बापाचा अपमान दिसला, गुडघा नाही दिसला.

मला पुढचे कोण, तेही म्हणता आलं नाही.

हे सगळं मी तुझ्या तिला कळवलंय. ती म्हणाली, आजीने मला आधीच सांगितलं. एवढंच म्हणाली.

ताई

---

सोमवार, १ डिसेंबर

ताई,

मधे लिहिलं नाही, कारण जे लिहीत होतो ते फाडावं लागत होतं.

व्यापारी शनिवारी आला. मी त्याला फाटकातच गाठलं. शांत बोलायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, शब्द तुमच्या वडिलांनी दिलाय, तू कोण? मग मी ओरडलोच. गेला. बाबा दारात उभे होते. म्हणाले, चहा तरी पाजायचास. आत गेले, थोड्या वेळाने बाहेर आले आणि माझ्यासोबत ट्रे गोठ्यामागे वाहून नेऊ लागले. मी म्हणालो तुम्ही बसा. म्हणाले, तू एकट्याने उचललेस तर संध्याकाळ होईल. तुझं खरं निघालं, ऊन दुपारपर्यंत असतं. याचाही मला राग आला. रोपांची पहिली खेप ट्रॅक्टरवालाच घेऊन गेला.

रविवार पुन्हा सुरू झालेत. काल तू पाठवलेले चौघं आलेच, पण त्यांच्या मागून ती आली. एकटी, बसने. तू सांगितलं नाहीस. या वेळी बरं केलंस.

तिने बाकीच्यांसारखे पैसे आईच्या हातात ठेवले. आई घेईना, ही ऐकेना. माझ्याकडे बघितलंही नाही. गाजरं उपटली, अंडी उचलली. मग बाबांना म्हणाली, काका, आज नांगर तुमचा मुलगा धरेल का? बाबांनी खुर्ची ओढली आणि बसले. त्यांना एवढ्या झटकन बसताना मी कधी पाहिलं नाही.

मला नांगर येत नाही हे तिला कसं कळणार? लहानपणी दोनदा धरला असेल. पहिली ओळ साप गेल्यासारखी गेली. पाहुण्यांतलं एक पोरगं खिदळलं. वळताना बैल थांबले. मी ओरडलो. ते जास्तच थांबले. पुन्हा ओरडलो, तर एक जण सरळ खाली बसायला लागला. कॅमेरे निघाले होते. ताई, तुला सांगतो, मला तो नांगर विहिरीत टाकावासा वाटत होता, आणि त्या पोरालाही, आणि मग स्वतःला. बाबा खुर्चीतून म्हणाले, "त्यांच्याशी कुणी ओरडून बोललेलं नाही रे कधी. त्यांना ते कळत नाही."

मग मी हळू बोललो. काय बोललो ते विचारू नकोस, बरंचसं बैलांबद्दल नव्हतंच. ते चालले. पट्टी संपेपर्यंत तोंडातल्या तोंडात बडबडत होतो. सगळं वाकडं नांगरलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय कळतंय.

नंतर ती विहिरीजवळ आली. मी हात धूत होतो. मी भाषण सुरू केलं. रोपवाटिका, जाळी, पुढच्या वर्षी दुप्पट ट्रे. तिने थांबवलं. म्हणाली, आजी म्हणते ते मला पटतं.

माझ्या घशात आलंच होतं, की मी कधी कुणापुढे ताट आपटलंय? बोललो नाही. कारण परीक्षानळी आपटली तेव्हा ती माझ्या शेजारीच उभी होती. काच तिच्या हातावर उडाली होती. मी मागे न बघता बाहेर पडलो होतो. तिने बाही वर केली. बारीकशी पांढरी रेघ आहे मनगटावर. मला हे कालपर्यंत माहीत नव्हतं. एवढी पत्रं लिहिली मी तिला, त्या शिपायावर किती अन्याय झाला यावर पानंच्या पानं, आणि तिने या रेघेबद्दल एकदाही लिहिलं नाही.

ती म्हणाली, "मी आजीसारखी चाळीस वर्षं थांबणार नाही. एकदा आवाज ऐकला की उठून जाईन, आणि परत येणार नाही. आजीला मी हे असंच सांगणार आहे. तुला चालणार असेल तर सांग, नसेल तर बस सव्वापाचची आहे."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, आलाच. अटी घालते म्हणून आला, रेघ आधी दाखवली नाही म्हणून आला, बाबा खुर्चीत बसून इकडेच बघत होते म्हणून आला. तो येऊ दिला आणि उभा राहिलो.

मग म्हणालो, चालेल. इतकं हळू म्हणालो की तिला ऐकूच गेलं नाही.

तिने विचारलं, "काय म्हणालास?"

मी पुन्हा म्हणालो.

तुझा भाऊ